दाराबाहेर बसायला काय आहे?

गेल्या वर्षी मी पोटासाठी एक काम घेतले. दोन कादंबऱ्यांच्या मधल्या महिन्यांत भाषांतर करणाऱ्याला अशी कामे घ्यावीच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. घरसजावटीचे सामान विकणाऱ्या एका कंपनीची चाळीस पानी इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायची होती. विषय होता घराचा प्रवेश: तो 'स्वागतशील' कसा करावा आणि त्याला 'व्यक्तिमत्त्व' कसे द्यावे. 'फॉयर' हा शब्द पानोपानी होता. 'प्रवेशकक्ष' लिहिले तर तहसील कचेरी डोळ्यांपुढे येते. 'दर्शनी भाग' म्हणावे तर तो बाहेरून दिसणारा, हा आतला. शेवटी मी 'ओटी' लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी तिकडच्या मुलाचा फोन आला. "ताई, ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. नाहीतर खणानारळाची." तो बरोबर बोलत होता. छापताना 'फॉयर'च राहिले.

पण शब्दाहून मला वेगळीच गोष्ट खुपत राहिली. पुस्तिकेत घराच्या प्रवेशाची पंधरा-वीस छायाचित्रे होती. प्रत्येकात आरसा, प्रत्येकात दिवा, बऱ्याच ठिकाणी पाण्याने भरलेली पितळी उरुळी आणि तीत तरंगणारी फुले. बसायला मात्र साऱ्या पुस्तिकेत एकच बाक. तो दाराच्या आतल्या बाजूला होता, आणि त्याखालचा मजकूर सांगत होता की घरातल्या माणसांना बूट घालताना टेकायला तो सोयीचा पडतो. म्हणजे स्वागताच्या या सगळ्या आराशीत एकच बैठक, तीही मालकाने स्वतःसाठी केलेली. आलेल्या माणसाने काय करायचे? त्याने उभे राहायचे, आरशात स्वतःला बघायचे आणि प्रभावित व्हायचे.

मी ते भाषांतर पुरे केले, पैसे घेतले, आणि तेव्हापासून माझे या विषयाशी भांडण चालू आहे. ते थोडक्यात असे. स्वागत म्हणजे आलेल्या माणसाला काहीतरी देणे. घराच्या तोंडाशी देता येण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे टेकायला जागा, तीही तो कोण, कशाला आला, आत घ्यायचा की नाही, हे ठरण्याच्या आधी. ज्या प्रवेशात ही जागा नाही तो कितीही देखणा असला तरी ती फक्त सजावट आहे. त्याला स्वागत म्हणू नये.

ही जागा आपल्याकडे नव्हती असे नाही. उलट तिची नावे मोजायला बसलो तर दमायला होते. कोकणात अंगणातून पडवी, पडवीतून पायरीभर उंच ओटी, मग माजघर. देशावर ओसरी. सातारा-कोल्हापूरकडे सोपा. मराठवाड्यात वाड्याच्या दरवाजालगतची ढाळज. गोव्याच्या ख्रिस्ती घरांना रस्त्याकडे तोंड करून बाल्कांव, आणि त्याच्या दोन बाजूंना बांधून काढलेले सोपो. गुजरातीतून भाषांतर करताना मला 'ओटलो'साठी थांबावे लागत नाही, शेजारी 'ओटा' तयारच असतो. कन्नडमध्ये जगली, तेलुगूत अरुगु, मल्याळी घराच्या पूमुखात टेकायला चारुपडी. कोलकात्याच्या जुन्या घरांना रस्त्यालगत रोयाक. बोलीत त्याचा रॉक झाला आणि त्या कट्ट्यावरच्या अड्ड्याने बंगाली साहित्याला अर्धी माणसे पुरवली. तमिळ घरापुढच्या तिण्णैवर वाटसरू रात्र काढत आणि गावचा मास्तर सकाळी तिथेच मुले जमवी. अशा शाळांना नावच मुळी तिण्णै पळ्ळिक्कूडम.

इंग्रजी भाषांतरात या सगळ्यांचा 'व्हरांडा' होतो. मीही केला आहे, वाचकाला तळटीप नको म्हणून. पण या शब्दांची बांधणी वेगळी आहे. ओटी, ओटलो, तिण्णै, जगली, अरुगु, रोयाक: कुठे छप्पर आहे, कुठे नाही; कुठे ती घराच्या अंगाला आहे, कुठे रस्त्याच्या. सगळीकडे सारखे काय, तर बसता येते, आणि बसण्यासाठी घरात यावे लागत नाही. या जागेचे सगळे मर्म त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे.

विचार करा, आज आपल्या फ्लॅटच्या दाराला अवस्था किती? दोन. उघडे किंवा बंद. आलेल्या माणसाला एक तर दिवाणखान्यात घ्यायचे, कोचावर बसवायचे, चहाचे विचारायचे. नाहीतर दारातच वाटेला लावायचे. ओटीला अशा पुष्कळ अवस्था होत्या. टपाल देऊन क्षणभर टेकता येई. उसने मागायला आलेला हवापाण्याच्या गप्पा मारत धीर गोळा करी. भांडायला आलेल्याला पाण्याचा तांब्या हातात घ्यावा लागे, आणि पाणी पिताना आवाज चढवता येत नाही. घरातल्यांना 'आत या' म्हणण्याची सक्ती नव्हती, बाहेरच्याला 'जातो' म्हणण्याची घाई नव्हती. होकार आणि नकार यांच्यामध्ये माणसाला वेळ लागतो. त्या वेळेला आपल्या जुन्या घरांनी चार हात जागा दिली होती.

इथपर्यंत वाचून कोणी स्मरणरंजनाच्या तयारीत असेल तर त्याला मी इथेच अडवते. त्या चार हात जागेवर कोण बसे आणि कोण बसू शकत नसे, हेही सांगितले पाहिजे.

माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, घराला ऐसपैस सोपा होता. सोप्यावर घोंगडी अंथरलेली असे. आमच्या जातीचे आणि तोलामोलाचे आले की घोंगडीवर बसत. बाकीचे सोप्याच्या कडेला, कोणी पायरीवर. आणि गावाच्या एका टोकाला जी वस्ती होती, तिथली माणसे अंगणातच उभी राहत. त्यांच्यासाठी वळचणीला एक कानतुटकी कपबशी खोचलेली असे. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाल्यावर ते ती स्वतः विसळत आणि पुन्हा वळचणीला खोचत. सुट्टीत मी त्या सोप्यावर सागरगोटे खेळत असे. ती कपबशी मी रोज पाहिली, आणि ती तिथे का, हे एकदाही विचारले नाही. याची मला आज लाज वाटते. पण लाजेपेक्षा मला ती रचना महत्त्वाची वाटते. अंगण, पायरी, कड, घोंगडी, माजघर. घराचा प्रवेश म्हणजे माणसे चाळून घेण्याची चाळण होती, आणि प्रत्येकाला आपण कोणत्या भोकापर्यंत जायचे हे जन्मतःच पाठ होते.

आजीला मी त्या सोप्यावर बसलेली कधी पाहिली नाही. सून म्हणून ती माप ओलांडून दिमाखात आत आली होती. पुढली पन्नास वर्षे तिने दाराआडून बोलण्यात काढली. पाहुणे उठून गेले की घोंगडी झटकायला ती बाहेर येई. घरातल्या बायकांची ऊठबस मागल्या दारी, परसात, विहिरीवर. तेव्हा ज्या ओटीचे गोडवे आपण गातो ती निम्म्या घराची होती, आणि गावातल्याही काही जणांचीच.

जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' १९८२ सालचा. घराबाहेर कामाला गेलेल्या आणि परतल्यावर घरात जागा न उरलेल्या बाईची ती गोष्ट. शांता निसळ यांच्या ज्या कादंबरीवरून तो घेतला तिचे नाव 'बेघर', आणि त्याच्या हिंदी आवृत्तीचे नाव 'सुबह'. एकाच गोष्टीची ही तीन नावे मी वर्गात नेहमी सांगत असे, नावांच्या भाषांतराचा नमुना म्हणून. आता मला त्यात वेगळे दिसते. कादंबरीने निकाल सांगितला, हिंदीने आशा सांगितली, आणि मराठी चित्रपटाने नेमकी जागा दाखवली. बेघर होणे आणि पहाट होणे या दोन्ही गोष्टी ज्या लाकडाच्या पट्टीवर ठरतात, ती ही. संस्कृत 'उदुंबर' या शब्दाचे अर्थही दोन, उंबराचे झाड आणि दाराचा उंबरठा. ज्या झाडाखाली वाटेल त्याने बसावे, त्याच झाडाच्या नावाने आपण कोणी आत यायचे नाही याची रेघ आखली.

म्हणून 'जुनी ओटी परत आणा' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. पण ती गेल्याने चाळण गेली, असे समजणाऱ्यांच्याही रांगेत मी नाही. पायऱ्या गेल्या, प्रतवारी राहिली. फक्त ती आता घरमालकाच्या डोळ्यांसमोर होत नाही.

मी पुण्याच्या एका उपनगरात अकरा मजली इमारतीत राहते. फाटकावर येणाऱ्याचे नाव, फोन नंबर आणि छायाचित्र घेतले जाते. माझ्या फोनवर प्रश्न उमटतो आणि मी अंगठ्याने हो किंवा नाही म्हणते. येणाऱ्याला माझा चेहरा दिसत नाही, मला त्याचा अवघडलेपणा दिसत नाही. इमारतीत लिफ्ट दोन आहेत. एकीवर बरीच वर्षे पाटी होती: 'घरकाम कर्मचारी व सामान'. भाषांतर करणाऱ्याची नजर आधी त्या 'व'वर जाते. माणूस आणि सामान यांना एका वाक्यात बसवणारे इतके छोटे, इतके सभ्य अव्यय दुसरे नसेल. आरडाओरडा झाल्यावर पाटी निघाली. लिफ्टची वाटणी तशीच आहे, आता ती सगळ्यांना पाठ आहे. माझ्या आजोळी अंगणात उभे राहणाऱ्यांना पाठ होती तशीच.

आणि बसायला कोणाला वेळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी सकाळी साडेनऊला आमच्या जिन्यात येऊन पाहावे. लिफ्ट असल्याने जिना रिकामा असतो, म्हणून तो भरलेला असतो. चौथ्या मजल्यावरच्या पोळ्या झाल्या, सातव्या मजल्यावरची मंडळी अजून उठलेली नाहीत, मधला अर्धा तास बाई पायरीवर बसून डबा खाते. सामान पोचवणारी मुले पुढल्या ऑर्डरची वाट पाहत भिंतीला टेकून उभी असतात, कारण पायरीवर बसले की पहारेकरी उठवतो. कुरियरवाला ओटीपीची वाट पाहत उभा. घरपोच दूध, घरपोच भाजी, घरपोच औषध. माझ्या आजोळच्या सोप्यावर आठवड्यात जितकी माणसे येत नसतील तितकी आज आपल्या दाराशी एका दिवसात येतात. इतकी माणसे दारापर्यंत आणणारे शहर आपण उभारले, आणि त्याच वेळी दाराशी टेकायची होती नव्हती ती जागा काढून टाकली. योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी ही बाब लहान नाही.

ही जागा काढली कोणी? एकटे बिल्डर नव्हेत. २०१६च्या स्थावर मालमत्ता कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केली, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. तोवर आपल्याला काय विकले जात होते याचा कोणाला पत्ता नसे. पण ती व्याख्या भाषांतर करणाऱ्याच्या सवयीने, शब्दाशब्दाला थांबत वाचा. घराच्या वापरण्याजोग्या क्षेत्रातून व्हरांडा वगळलेला आहे. आणि इंग्रजी मजकुरात बाल्कनी व व्हरांडा यांच्याआधी विशेषण आहे 'एक्सक्लुझिव्ह'. म्हणजे तो ज्याने घर घेतले त्याच्या एकट्याच्या वापराचा. मोजमापासाठी हे ठीक असेल. पण ज्या जागेचा अर्थच 'एकट्याची नव्हे' असा होता, तिचे नाव कायद्यात आले तेही 'एकट्याची' हे विशेषण लावून. उरलेली जागा सामाईक, म्हणजे सोसायटीची, म्हणजे कोणाचीच नाही. माझे आणि कोणाचेच नाही, या दोहोंच्या मध्ये 'माझे आहे पण तू बस' अशी एक जागा असते. तिला आपल्या करारनाम्यात रकाना नाही.

मग या रिकाम्या रकान्यात सजावट येऊन बसली. पेठांतले वाडे उतरवले गेले, तशी त्यांची दारे, चौकटी, तुळया बाजारात आल्या. मुंबईत ओशिवऱ्याला, तमिळनाडूत कारैक्कुडीला जुन्या घरांचे अवयव विकणारी दुकानेच आहेत. चेट्टिनाडच्या हवेल्यांचे खांब तिथून देशभर जातात. एका ओळखीच्या घरी दिवाणखान्याच्या भिंतीवर पितळी फुल्यांचे जुने दार टांगलेले आहे. कडी आहे, कोयंडा आहे, आणि मागे भिंत आहे. दुसऱ्या घरी तशाच दारावर काच टाकून चहाचे टेबल केले आहे. लाकूड जळण्यापेक्षा हे बरे, हे मला कळते. पण आपण या दाराकडून नेमके काय घेतले ते बघा. नक्षी घेतली, कडी घेतली, जुनेपणाचा मुलामा घेतला. उघडणे तेवढे ठेवले नाही. रांगोळीचेही तेच. शिरगोळ्याची पूड चिमटीत धरून रोज सकाळी कोणीतरी दाराशी वाकत असे, तेव्हा जिन्यातून जाणाऱ्याशी चार शब्द होत. आता रांगोळीचे स्टिकर चिकटवतात. ते वर्षभर टिकते, वाकावे लागत नाही, बोलावेही लागत नाही.

आता हरकतींकडे येते, कारण त्या खऱ्या आहेत.

पहिली हरकत जागेची. चारशे चौरस फुटांत चौघे राहतात, तिथे ओटी कुठून आणायची? याचे उत्तर पुण्यात जन्मलेल्या आणि अहमदाबादेत आयुष्य काढलेल्या एका माणसाने देऊन ठेवले आहे. बाळकृष्ण दोशींनी इंदूरजवळ 'अरण्य' ही वसाहत आखली, ती १९८९च्या सुमारास उभी राहिली. गरिबांसाठीचे सगळ्यांत लहान भूखंड तिथे अवघे ३५ चौरस मीटरचे. त्या लहान घरांपुढेही दोशींनी ओटला दिला. जागा उरली म्हणून नव्हे. घर छोटे असले की ते बाहेर सांडते, त्या सांडण्याला काठ हवा म्हणून. अरण्यला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला आणि २०१८ साली दोशींना प्रित्झकर. आपण दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या आणि घरे घेताना मात्र ओट्याऐवजी पोहण्याचा तलाव आहे का, हे विचारले. जागेची अडचण मी मान्य करते. पण तीन हजार चौरस फुटांच्या फ्लॅटच्या दाराबाहेरही बसायला काही नसते, तेव्हा अडचण जागेची आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी हरकत सुरक्षिततेची, आणि ती एकटी राहणारी बाई म्हणून मी हसण्यावारी नेणार नाही. पण दाराला दोनच अवस्था असतात तेव्हाच तर दार उघडणे धोक्याचे होते. जुन्या वाड्याच्या थोर दरवाजात माणूस वाकून आत येईल एवढी दिंडी असे, तिच्या आत देवडी असे. आलेल्याला बसवून, बोलून, मग पुढचे ठरे. बसलेल्या माणसाची ओळख पटते, उभ्या माणसाची फक्त घाई दिसते. आपल्याकडे आज देवडीचा एकच वारस उरला आहे, तो म्हणजे जाळीचा दरवाजा. पुस्तिकेने त्याला 'दृश्य अडथळा' म्हटले होते आणि काढून टाकायचा सल्ला दिला होता. मला तो घरातला सगळ्यांत सुसंस्कृत भाग वाटतो. जाळी लावून, आतले दार उघडून मी पलीकडच्या माणसाशी हवे तितके बोलू शकते. फक्त पलीकडे त्याला टेकायला काहीतरी हवे.

तिसरी हरकत आगीच्या नियमांची. सुटकेच्या वाटेवर काहीही ठेवू नये, हे योग्यच आहे आणि त्यात तडजोड नको. म्हणून तर हा प्रश्न सजावटीचा नाही, आराखड्याचा आहे. दाराची चौकट भिंतीच्या दर्शनी रेषेपासून हातभर आत घेतली, तर बाजूच्या खोबणीत एका माणसाची दगडी बैठक वाटेत न येता मावते. सिमेंटचा एक लहान चौथरा. त्याला लागणारा खर्च आरशाहून कमी असेल. घर बघायला जाणाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल जितके प्रश्न विचारले त्यातला एक जरी या ओट्याबद्दल विचारला, तरी आराखडे बदलतील. विकणारा मागणी ओळखतो. आपण मागितलेच नाही.

आणि चौथी हरकत, जी कोणी उघड बोलत नाही: बसायला जागा केली की कोणीही बसेल. होय. तेच. या 'कोणीही'साठीच हा सगळा खटाटोप आहे. ठरावीक माणसांनाच बसता येईल अशी ओटी आपल्याकडे शतकानुशतके होती, तिची कपबशी मी वळचणीला पाहिली आहे. कोणीही बसू शकेल अशी ओटी हा आपला गमावलेला वारसा नाही. ती अजून बहुतेक ठिकाणी व्हायचीच आहे.

बहुतेक ठिकाणी म्हणते, कारण पुण्यातच एका घराने तिचा आरंभ करून ठेवला आहे. १८६८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठ्यावर ज्यांना थेंब मिळत नव्हता त्यांनी एका घराशी येऊन हक्काने पाणी भरावे, अशी ती गोष्ट होती. त्यासाठी नवे बांधकाम लागले नाही. हौद होता तोच होता, बदलला तो 'कोणासाठी' या प्रश्नाचा अर्थ. व्यक्तिमत्त्व असलेला प्रवेश कसा असतो, असे मला कोणी पुन्हा चाळीस पानांत विचारले तर मी हे एक पान पुढे करीन. घराच्या तोंडाला व्यक्तिमत्त्व येते ते मालकाने तिथे काय मांडले आहे त्याने नाही. तिथे कोण येऊ शकते, आणि त्यासाठी मालकाने काय सोसले, त्याने येते. फुल्यांनी काय सोसले ते आपल्याला माहीत आहे. आपल्याला फार तर सोसायटीची नोटीस सोसावी लागेल.

ती मला आली. पुस्तिकेचे पैसे आले त्यातून मी एक साधा लाकडी बाक करून घेतला आणि दाराबाहेर, माझ्याच भिंतीच्या कोपऱ्यात, जिन्याची वाट सोडून ठेवला. शेजारी पाण्याची कळशी आणि पेले. कळशीतले पाणी मीही त्याच पेल्यांतून पिते, हे मुद्दाम सांगते, कारण पेला वेगळा ठेवायचा मोह किती सहज होतो ते मला कळले; विकत आणताना हात आपोआप स्वस्तातल्या प्लास्टिककडे गेला होता. पहिले दोन आठवडे कोणी बसले नाही. मग वरच्या मजल्यावर स्वयंपाकाला येणाऱ्या बाई एकदा बसल्या, दार वाजवून विचारून बसल्या. "ताई, बसू का?" मी म्हटले, विचारायचे नाही म्हणून तर बाहेर ठेवलाय. त्या हसल्या, पण पुढेही कित्येक दिवस विचारत राहिल्या. बाक ठेवणे एका दिवसाचे काम होते. न विचारता बसता येणे याला मात्र किती पिढ्या लागतात कोण जाणे.

तीन महिन्यांनी नोटीस आली: सामाईक जागेत वस्तू ठेवू नयेत. आमच्याच मजल्यावर दोन चपलांची कपाटे आहेत, एक तुळस आहे, एक संगमरवरी गणपती आहे आणि तीन पायपुसण्यांवर 'वेलकम' लिहिलेले आहे. नोटीस फक्त बाकाला आली. मी अध्यक्षांना भेटले. ते सज्जन गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, वस्तूचं काही नाही हो. पण लोक बसतात."

नैयायिक आणि वैयाकरण एक दाखला देतात, देहलीदीपन्याय. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो. वाक्यात एकच शब्द मागच्याशीही लागतो आणि पुढच्याशीही, तेव्हा हा न्याय सांगतात. आम्हा भाषांतर करणाऱ्यांना अशा शब्दांचा त्रास होतो, कारण दुसऱ्या भाषेत तो दिवा बहुधा एकाच बाजूला पडतो. त्या पुस्तिकेतले सगळे दिवे आतल्या बाजूला होते.

बाक सध्या जाळीच्या दरवाजाच्या आत आहे. दिवसा मी आतले दार आणि जाळी दोन्ही उघडी ठेवते, म्हणजे तो ना बाहेर ना आत. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: प्रत्येक मजल्यावर, सुटकेच्या वाटेबाहेर, दोन माणसे टेकतील एवढा पक्का ओटा सोसायटीच्या खर्चाने बांधावा. अनुमोदक एक मिळाला आहे. ठरावाच्या मसुद्यात 'कोणासाठी' हा शब्द मी जाणूनबुजून घातलेला नाही. कोणी उठून विचारील, कोणासाठी? ते सभेत मोठ्याने विचारले जावे, एवढ्यासाठीच.